भिंतीवरच्या भस्माच्या खुणा

महायुद्ध संपलं त्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, तामलवाडीच्या आमच्या घरात पूजेला बसलेल्या माझ्या पत्नीचा डावा हात खाली आला. तळहातावर इष्टलिंग होतं. ते पडलं नाही. उजव्या हातानं तिनं ते सावरलं आणि मांडीवर घेतलं. घरात त्या वेळी माझी आई होती, वडील रानात गेले होते. मी सोलापुरात होतो.

आमच्यात जेवणाआधी प्रत्येकजण गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसतो. कपाळाला भस्म लावायचं, हात छातीच्या वर धरायचा आणि लिंगाकडे पाहत राहायचं. लहान मुलांचा हातही थोडा वेळ टिकतो. माझी पत्नी तेव्हा बावीस वर्षांची होती. आडाचं पाणी ती दोन घागरींनी आणत असे.

त्याआधी जेठात तिला नऊ दिवस ताप आला होता. ताप उतरला. त्यानंतर जे राहिलं त्याला नाव नव्हतं. एक दिवस काम केलं की पुढचे दोन-तीन दिवस ती उठू शकत नसे. अंग ठणके, उजेड सोसवत नसे, बोलता बोलता शब्द सुटत. झोप लागे, पण झोपेनं थकवा जात नसे. चेहरा मात्र तसाच होता. वजनही घटलं नव्हतं. पाहायला येणाऱ्या बायका तिच्याकडं बघून आईला म्हणत, "हिला काय झालंय? चांगली ठणठणीत हाय की."

मी सोलापुरात एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत असे. शनिवारची रात्रपाळी संपली की मोटार किंवा बैलगाडी मिळेल तसा निजामाच्या हद्दीतल्या घरी निघे, रविवारी सकाळी पोचे आणि सोमवारी पहाटे परत जाई. म्हणजे मला ती रविवारी दिसे.

रविवारी ती नहालेली असे. केस मोकळे सोडून उंबऱ्याजवळ बसलेली असे. मी पायरीवर चपला काढत असतानाच विचारी, "या आठवड्यात काय चुकलं?"

आमच्या अंकातल्या चुकांबद्दलचा तो प्रश्न होता. तिचं चौथीपर्यंत शिक्षण झालं होतं. मी नेलेले जुने अंक ती जाहिरातींसकट वाचत असे. एकदा एका लग्नाच्या निवेदनावर हरवलेल्या म्हशीचा मथळा बसला होता. ते सांगितल्यावर ती इतकी हसली की आईनं चुलीपुढून विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाय, आत्याबाई. म्हैस सापडली."

दुपारी ती भाकरी करी. संध्याकाळी आम्ही दोघं वेशीपर्यंत जाऊन येत असू. परत येताना ती महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर बसे. बराच वेळ बसे. तिला तिथं बसायला आवडतं असं मी धरून चाललो होतो.

बाकीच्या सहा दिवसांचं आई सांगे. "तू गेलास की ही पडती. बुधवारपर्यंत पडूनच असती. पाणी मी पाजती. रईवारी तुला दिसती ती येगळीच."

आईचं माहेर अक्कलकोटकडचं. बोलताना ती मधूनच कानडीत शिरे. पत्नी अंथरुणातून उठून कामाला लागली की ती "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे म्हणत तिला खाली बसवी. मला वाटे, आई जास्त जपते. मी वर्तमानपत्रात काम करत होतो. जे स्वतः पाहिलं नाही ते मानायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं. रविवारी मी जे पाहत होतो त्यात आजार नव्हता.

पहिल्या वर्षी तिला दोन माणसांना दाखवलं. एक देवऋषी. त्यानं बाहेरचं आहे असं सांगितलं आणि तीन मंगळवार उतारा टाकायला लावला. आईनं दोनच टाकले. दुसरे बाजाराच्या दिवशी येणारे एक हकीम. ते सभ्य गृहस्थ होते. नाडी पाहून त्यांनी डोळे मिटले, मग म्हणाले, "वहम है. दिल बहलाओ." म्हणजे मनाचा भास आहे, मन रमवा. त्यांनी गुलकंद दिला. तो चांगला होता. तिनं तो संपवला.

मी या दोघांवरही विश्वास ठेवला नाही. मला शिकलेला डॉक्टर हवा होता.

सोलापुरातल्या ज्या डॉक्टरांकडे मी तिला नेलं त्यांचं शिक्षण मुंबईत झालं होतं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. आमचा भाग तेव्हा निजामाकडेच होता. डॉक्टरांनी तिला पाऊण तास तपासलं. जीभ, डोळे, छाती, पोट, गुडघे. रक्त तपासायला दिलं. काही सापडलं नाही. मग ते टेबलामागं बसले, काहीतरी लिहू लागले आणि मान वर न करता एकदम मोठ्यानं म्हणाले, "साप."

ती उभी राहिली. खुर्चीपासून दोन पावलं बाजूला झाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिला बाहेर बसायला सांगून ते मला म्हणाले, "पाय चालतात. तुम्ही पाहिलंत. हा मनाचा रोग आहे. ती मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. तिला स्वतःलाही हे माहीत नाही. तुम्ही आठवड्याला येता, परत जाता. तुम्ही असताना ती बरी, गेलात की आजारी. याचा अर्थ लावायला डॉक्टर लागत नाही."

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"विचारायचं नाही. कसं वाटतंय, दुखतंय का, हे घरात कुणीही विचारायचं नाही. विचारता म्हणून ते राहतं. कामाला लावा. दोन महिन्यांनी सांगा."

मला हे पटलं. देवऋषी आणि हकीम यांच्यानंतर प्रथमच कुणीतरी कार्यकारण सांगत होतं. ते जे सांगत होते ते मी स्वतः दर रविवारी पाहत होतो. काही सापडलं नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी धरलं आणि मीही धरलं. वर्तमानपत्रात एखाद्या गोष्टीला दुजोरा मिळाला नाही तर ती घडली नाही असं आम्ही छापत नसू. दुजोरा मिळाला नाही, एवढंच छापत असू. हा फरक मी रोज रात्रपाळीच्या मुद्रितांत सांभाळत होतो.

परतीच्या गाडीत, हद्दीचा नाका गेल्यावर, ती म्हणाली, "साप म्हटल्यावर मी हलले. डॉक्टर जागचे हलले न्हाईत."

"मग?"

"त्यांनाच कुणीतरी बघायला पायजे."

मी हसलो. तीही हसली. पुढचे चार दिवस ती अंथरुणात होती, असं आईनं नंतरच्या रविवारी सांगितलं. मी आईला म्हणालो की हे आता बोलायचं नाही. आई म्हणाली, "न्हाय बोलत. पर पाणी तर पाजू का न्हाय?"

हुरड्याच्या दिवसांत मी आठ दिवसांची रजा घेतली. लग्नानंतर सलग एवढे दिवस मी घरी कधी राहिलो नव्हतो. डॉक्टरांचं सांगणं मी पाळलं. कसं वाटतंय हे एकदाही विचारलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही रानात गेलो. आगटीभोवती बसून तिनं गरम कणसं हातावर चोळली आणि पहिला हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. दुसऱ्या दिवशी ती घरीच थांबली. चौथ्या दिवशी माझ्या पुढ्यात ताट ठेवून ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. काहीतरी विचारण्याची ती वाट पाहत होती, असं आज मला वाटतं. याला पुरावा नाही. मी अंकातली एक चूक सांगितली. ती हसली.

सोलापूरला गेल्यावर मी डॉक्टरांना कळवलं की आठ दिवसांत तक्रार नाही.

"पाहा," ते म्हणाले. "आता दुसरी पायरी. तिचं मन तुमच्या येण्याजाण्यावर टांगलेलं आहे. ते सोडवा. सहा महिने माहेरी पाठवा. भेट नको. तब्येत विचारणारं पत्र तर नकोच."

मी तिला हे सगळं सांगितलं नाही. थोडे दिवस माहेरी राहून ये, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, बघू. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही निघालो.

तिचं माहेर भूमचं. सोलापूरहून रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून छोट्या गाडीनं बार्शी, पुढं बैलगाडी. भूमला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. शेवटच्या टप्प्यात ती गाडीत आडवी होती आणि डोळ्यांवर पदर होता.

सासरे बैलांचे व्यापारी. भूमच्या आठवडी बाजारात त्यांच्या शब्दावर सौदे होत. मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं नीट समजावून सांगितलं. सापाची गोष्टही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शिकलेलं. आमी बैलातली माणसं. एक इचारू का?"

"विचारा."

"बैल बसला तर आमी त्याची शेपूट पिळतो. पिळली की उठतो. दोन पावलं चालतो बी. गिऱ्हाईक खुळं असलं तर तेवढ्यावर घेऊन जातं. आमी घेत न्हाय. उठला म्हणजे बरा झाला न्हवं."

मी म्हणालो की माणसाचं मन आणि बैल यांत फरक आहे.

"व्हय," ते म्हणाले. "बैलाला कुणी म्हनत न्हाय, तुझ्या मनात हाय म्हनून."

त्यांच्या बायकोनं आतून त्यांना दटावलं, "जावयासंग काय बोलताय." निघताना पत्नी ओसरीवर आली होती. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं विचारलं, "रईवारी मी कुनाला इचारू, काय चुकलं म्हणून?" मी म्हणालो, "लिहून ठेवीन. एकदम सांगीन."

मी ते लिहून ठेवत गेलो. एक वही केली. पत्र पाठवलं नाही.

त्या उन्हाळ्यात हद्दीलगतच्या गावांत राहणं धोक्याचं झालं. रझाकारांच्या भीतीनं लोक सामान बांधून सोलापूरकडं येऊ लागले. वैशाखात मी आईवडिलांना आणायला तामलवाडीला गेलो. भांडी गाडीत चढली. आई मात्र पूजेच्या खोलीतून बाहेर येईना. मी आत गेलो.

"ही भिंत बघून घे," ती म्हणाली. "म्या पाडव्याला सारवली न्हाय."

कपाळाला भस्म लावून झालं की बोटांना उरलेलं भस्म भिंतीला पुसायचं, ही माझ्या पत्नीच्या माहेरची सवय. आमच्याकडं ते पाण्यात सोडतात. लग्नानंतर आईनं तिला त्यावरून पुष्कळदा टोकलं होतं. "तुमच्याकडं भिंती लई दिसत्यात," असं ती म्हणे. सुनेनं सवय सोडली नाही. फक्त एक केलं. खुणा इतस्ततः न उठवता पाटाशेजारच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडं ओळीनं उठवायला लागली. ओळ भरली की सणाला आई भिंत सारवी.

भिंत दिवाळीला सारवलेली होती. तिच्यावर तीन-तीन बोटांच्या पांढऱ्या खुणा होत्या. ओळ सरळ नव्हती. सहा खुणा खाली, एक वर, पुन्हा सहा खाली, एक वर. वरच्या खुणा पाटावर ताठ बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या होत्या. खालच्या जमिनीपासून एक वीत.

आई म्हणाली, "खालच्या दिशी हात कपाळाला न्हेत न्हवती. कपाळ हाताला आणती."

मला प्रथम वाटलं की वरच्या खुणा सोमवारच्या असतील. आमच्यात सोमवार पाळतात. ती भूमला निघाली तो गुरुवार होता. त्या दिवसाच्या खुणेपासून मी मागे मोजलं. पहिली उंच खूण पाचवी आली. म्हणजे रविवार. तिथून मागे, एक आठवडा सोडला तर, प्रत्येक सातवी.

एवढ्यावरून डॉक्टरांचंच म्हणणं खरं ठरत होतं. मी असताना वर, मी नसताना खाली. मग मी हुरड्याचे आठ दिवस शोधले. ते सापडले. पहिल्या दिवशीची खूण उंच होती. दुसरी तिच्याखाली चार बोटं. तिसरी त्याच्याही खाली. चौथ्या दिवशी ती एका वितीवर आली होती आणि पुढं तिथंच राहिली. ते आठही दिवस मी घरात होतो. तिच्यापासून दहा पावलांवर होतो.

आणखी एक रविवार होता. अंकाच्या कामामुळं मी त्या आठवड्यात आलो नव्हतो, आणि तसं कळवताही आलं नव्हतं. ती खूणही उंच होती.

मी आईला विचारलं, शनिवारी ती काय करायची. आई म्हणाली, "काय न्हाय. शुक्रवार-शनिवार उठायचीच न्हाय. म्हनायची, आत्याबाई, उद्याचं साठवती."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं. तू म्हनलास बोलू नको."

आईवडिलांना सोलापूरला पोचवून जेठात मी बार्शीला गेलो. हद्द बंद होती. भूमकडं जाणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर मी निरोप दिला की मी बार्शीत आलो आहे, दोन दिवसांत पोचतो, तिला घेऊन जाणार आहे. नाक्यावरून मला परत पाठवलं. आठवड्यानं पुन्हा गेलो, पुन्हा परत पाठवलं. एक गाडीवान आडवाटेनं न्यायला तयार झाला होता, तो ठरल्या दिवशी आला नाही. महिनाभर बार्शीत राहून मी सोलापूरला परतलो. या काळात भूमहून काही कळलं नाही.

भाद्रपदात फौजा आत आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. रस्ता मोकळा झाल्याचं आमच्या अंकात आलं. त्याचं मुद्रित मीच तपासलं होतं. तिसऱ्या दिवशी मी भूममध्ये होतो. वही बरोबर होती.

सासरे ओसरीवर उभे होते. त्यांनी मला आत नेलं आणि बसायला पाट दिला. ती आषाढात गेली होती. त्यांनी निरोप धाडला होता, तो मला पोचला नव्हता. मृत्यूचं कारण मला सांगता येत नाही. शेवटी ताप होता असं सासरे म्हणाले. तो किती दिवस होता यावर घरात दोन मतं होती. डॉक्टर मिळाला नव्हता. आमच्या रीतीप्रमाणं तिला बसलेल्या स्थितीत पुरलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं होतं.

"कामाला लावली न्हाय म्या," सासरे म्हणाले. "तुमच्या डाक्टरचं ऐकलं न्हाय. निजू दिली."

मी म्हणालो, बरं केलंत.

"तुमची वाट बघायची. पर बोलायची न्हाय. पत्र आलं का म्हनून एकदाच इचारलं."

तिचं अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात होतं. त्या घरात सगळ्यांच्याच खुणा भिंतींवर होत्या, लहानमोठ्या, वरखाली. कोपऱ्यातल्या खुणा एका ओळीत होत्या. संक्रांतीनंतर तिथं कुणी सारवलं नव्हतं. ओळ सुरुवातीला एका वितीवर होती. तिथून ती हळूहळू खाली गेली होती. शेवटाकडे एक खूण एकदम वर होती, तामलवाडीतल्या रविवारच्या खुणेइतकी.

मी तिच्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही बार्शीला आलाय म्हनून निरोप आला त्या दिशी," सासरे म्हणाले. "उठली. नहाली. आईकडून येणी घालून घेतली. दोन दिवस उंबऱ्यात बसली."

त्या खुणेनंतर ओळीत एकोणीस खुणा आहेत. मी त्या दोनदा मोजल्या. शेवटची जमिनीपासून चार बोटं वर आहे. ती एका बोटाची आहे.